विळ्याची धार आणि यंत्राचा वेग

भाद्रपद सरून आश्विन लागला, म्हणजे कोंकणांतील आंब्याकाजूच्या बागांतून एक काम मोठ्या निकडीनें सुरू होतें. पावसाळ्यांत कमरेइतकें वाढलेलें गवत, घाणेरीचीं झुडपें, करवंदीच्या जाळ्या व वेली कापून झाडांच्या बुंध्यापर्यंत वाट मोकळी करावयाची असते. या कामाला तिकडे बेणणी म्हणतात. पूर्वीं या दिवसांत बागेंतून कोयत्याचे ठोके, मधूनमधून एखादी हांक आणि दगडावर विळा पाजविण्याचा आवाज ऐकूं येई. आतां त्या जागीं सकाळपासून एक अखंड कर्कश घरघर ऐकूं येते. खांद्याला पट्टा, पट्ट्याला अडकविलेली पांच-सहा फूट लांबीची नळी, नळीच्या मागील टोंकास लहानसें पेट्रोलचें इंजिन आणि पुढील टोंकास गरगर फिरणारें पोलादी पातें, अशा या यंत्राला ब्रशकटर म्हणतात. गांवचे लोक त्याला ग्रासकटर किंवा नुसतें मशीन म्हणून ओळखतात. मजूर मिळेनासे झाले, मिळाले तर मजुरी परवडेनाशी झाली, आणि हें यंत्र घरोघर पोंचलें.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरच्या बागेची बेणणी चालली असतां मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. काम करणारा गडी आमच्या वाडींतलाच. त्याच्या वडिलांनीं त्याच बागेंत तीस पावसाळे कोयता चालविला होता. एकाएकीं यंत्राचा सूर तुटला. गडी ओसरीकडे चालत आला, तेव्हां त्याच्या गालावरून रक्त ओघळत होतें. जांभ्याच्या गडग्याजवळ पातें गेलें, एक खडा उडाला आणि डोळ्याच्या अर्धा बोट खालीं लागला. जखम धुतांना मीं त्याला विचारलें, "चष्मा कां लावला नाहींस?" तो म्हणाला, "भाऊ, चष्म्यावर घाम धरतो, मग पुढचं कांहीं दिसत नाहीं." पात्याजवळचें झांकण कोठें गेलें, असें विचारतां तो म्हणाला, "त्यांत गवत अडकतं. ज्याच्याकडून मशीन भाड्यानं आणलं, त्यानंच तें काढून ठेवलंय."

दोन्ही उत्तरें खरीं होतीं. परंतु त्या उत्तरांपेक्षां मला माझ्या मौनाचीच अधिक लाज वाटली. सकाळीं काम ठरवितांना मीं सारें विचारलें होतें. दिवस किती लागतील, पेट्रोल कोणाचें, जेवण कोणाकडे. चष्मा व झांकण यांविषयीं मात्र एक शब्दही माझ्या तोंडून निघाला नव्हता. त्याच्या वडिलांना असें कांहीं विचारण्याची वेळ तीस वर्षांत कधीं आली नव्हती. मग हत्यार बदलतांच हा प्रश्न कोठून उत्पन्न झाला? याचें उत्तर शोधूं जातां गवत कापण्याच्या हत्याराचा सबंध इतिहास चाळावा लागतो. आणि तो इतिहास वाटतो त्यापेक्षां पुष्कळ उद्बोधक आहे.

काडी कापण्याचा उद्योग शेतीहूनही जुना आहे. इ. स. १९२९ ते १९३४ या काळांत डॉरोथी गॅरॉड या इंग्रज संशोधक बाईंनीं पॅलेस्टाईनमधील कार्मेल डोंगरांतल्या गुहा खणल्या. तेथें हाडाच्या दांड्याला लांबट खांच पाडून तींत गारेचीं लहान पातीं ओळीनें बसविलेलीं हत्यारें सांपडलीं. हे जगांतील अत्यंत जुन्या विळ्यांपैकीं होत. त्यांचें वय अकरा हजार वर्षांहून अधिक आहे. असल्या पात्यांच्या कडेवर एक विशेष चकाकी आढळते. गवताच्या काडींत सिलिका, म्हणजे वाळूचेंच द्रव्य, सूक्ष्म रूपानें असतें; हजारों काड्या कापतां कापतां त्या द्रव्यानें दगडाला झिलई आणली. आजही विळ्याची धार लौकर बोथट होते, याचें एक कारण हेंच आहे.

आपल्याकडे पुणें जिल्ह्यांत, घोड नदीच्या कांठीं, इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें. तेथील ताम्रपाषाणयुगांतील शेतकऱ्यांच्या वसाहतींत कॅल्सेडनी दगडाचीं अरुंद, लांबट पातीं विपुल मिळालीं. अशीं पातीं दांड्यांत बसवून कापणीच्या कामीं आणीत असावे, असें तज्ज्ञ मानतात. पुढें लोखंड आलें. नागपूर जिल्ह्यांतील नायकुंड येथें ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकांतील लोखंड गाळण्याची भट्टी उजेडांत आलेली आहे. दगडाच्या जागीं लोखंड आलें, सरळ पात्याला बांक आला, बांकाला दांते आले; पण मूळ कल्पना तीच राहिली. डाव्या हातानें मूठ धरावी आणि उजव्या हातानें ती कापावी, यापलीकडे हजारों वर्षांत विळ्याला जावें लागलें नाहीं.

युरोपांत मात्र थंडीच्या दिवसांसाठीं जनावरांचा चारा सांठवावा लागे. म्हणून तेथें लांब दांड्याचा, उभ्यानें चालविण्याचा मोठा विळा प्रचारांत आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानें आपल्या विश्वकोशांत त्याचे दोन प्रकार वर्णिले आहेत. इटलींतला विळा आंखूड, कांटेरी झुडपांतही चालवितां येण्याजोगा. गॉल देशांतला लांबरुंद, मोठमोठीं कुरणें थोड्या श्रमांत कापण्याजोगा. कापणारा माणूस धार लावण्याच्या दगडासाठीं तेलाचें शिंग पायाला बांधून हिंडत असे, अशी बारीक माहितीही प्लिनी देतो. झुडपांसाठीं एक हत्यार आणि मोकळ्या कुरणासाठीं दुसरें, हा विवेक त्या काळींही होता. त्याची आठवण पुढें पडेल.

या हत्यारांपासून इजा होत नसे असें नव्हे. विळ्यानें कापणाऱ्या बायकांच्या डाव्या हाताच्या बोटांवर जुने व्रण पाहिलेले नाहींत, असा शेतकरी क्वचितच सांपडेल. परंतु त्या इजेचे कांहीं स्वाभाविक नियम होते. हत्याराला बळ मिळे तें माणसाच्या दंडांतून. म्हणून त्याचा वेग दंडाच्या वेगाहून फारसा वाढूं शकत नसे. कोयता दगडावर आदळला, तर तो आदळल्याची वार्ता त्याच क्षणीं मनगटाला पोंचे आणि मनगट आवरून धरी. माणूस थकला म्हणजे हत्यारही थकत असे. शिवाय चूक ज्याची, इजाही बहुधा त्यालाच होई. दहा हातांवर उभ्या असलेल्या मनुष्याला तिची झळ लागत नसे. आपल्याकडे कापणी करणारीं माणसें आपापली पात धरून बसतात. युरोपांतले कुरण कापणारे तिरक्या ओळींत, एकाच्या मागें व बाजूस दुसरा असे चालत. यांत शिस्त होती, तशीच सुरक्षितताही होती. पण तिचे नियम लिहून ठेवण्याचें प्रयोजन पडलें नाहीं. ते नियम हाताला पाठ होते.

एकोणिसाव्या शतकांत यंत्रें आलीं. स्कॉटलंडांतील पॅट्रिक बेल यानें १८२८ च्या सुमारास घोड्यांनीं ढकलण्याचें कापणीचें यंत्र चालवून दाखविलें. अमेरिकेंत ओबेड हसी यानें १८३३ सालीं व सायरस मॅकॉर्मिक यानें १८३४ सालीं अशा यंत्रांचीं पेटंटें घेतलीं. इंग्लंडांत ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड गांवचा कारागीर एडविन बडिंग यानें १८३० सालीं हिरवळ कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्या भागांत लोकरी कापडाच्या गिरण्या पुष्कळ होत्या. कापडावरची लव सारखी कातरणाऱ्या यंत्रावरून, जमिनीवरची लवही तशीच कातरतां येईल, असें या हुशार माणसास सुचलें. या सर्व यंत्रांत एक गोष्ट समान होती. तीं चाकांवर चालत. पातें जमिनीलगत चौकटींत बसविलेलें असे. आणि माणूस त्याच्यापासून कांहीं अंतरावर असे. त्यामुळें यंत्र जेथें जाऊं शकेल तेथेंच तें कापी. उतारावर, बांधावर, दगडांतून, झाडांच्या मुळांशीं त्याचें कांहीं चालत नसे. तेथें विळा आणि कोयता यांचें राज्य अबाधित राहिलें.

तें राज्य मोडण्यास दोन शोध कारण झाले. पहिला शोध लहान आणि हलक्या इंजिनाचा. इंग्लंडांतील बाथ शहरीं जोसेफ डे आणि त्याचा सहकारी फ्रेडरिक कॉक यांनीं १८८९ ते १८९२ या अवधींत असें दोन फेऱ्यांचें इंजिन तयार केलें, कीं ज्यांत झडपांचा पसारा मुळींच नव्हता. दट्ट्याच वर-खालीं होतांना भोंकें उघडी व बुजवी. भाग थोडे, म्हणून वजन थोडें. त्याचें वंगणही पेट्रोलांतच मिसळून देतां येई. आज बागेंत पेट्रोलमध्यें मापानें तेल मिसळतात, तें याच घराण्याच्या रिवाजास अनुसरून. दुसरा शोध अशा कार्बुरेटरचा, कीं ज्यांत पेट्रोलची वाटी सरळ धरण्याची गरज नाहीं. एका लवचिक पडद्याच्या हालचालीनें इंधन पोंचतें. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत हा कार्बुरेटर रूढ झाला आणि इंजिन आडवें, तिरपें, कसेंही धरून चालवितां येऊं लागलें.

या शोधांचा पहिला लाभ जंगलतोडीस झाला. जर्मनींत आंद्रेआस श्टील यानें १९२६ सालीं विजेवर चालणारी सांखळी-करवत केली आणि १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी. पण तीं जड हत्यारें होतीं, दोघांनीं मिळून धरावीं लागत. इंजिनें जसजशीं हलकीं झालीं, तसतसें झाड तोडण्याचें यंत्र एका माणसाच्या हातीं आलें; आणि मग झाडाखालचें रान साफ करण्यासाठीं तेंच इंजिन एका लांब नळीच्या टोंकाला बसवून दुसऱ्या टोंकाला गोल करवत लावण्यांत आली. स्कँडिनेव्हियाच्या जंगलांत कोंवळीं नको तीं रोपटीं विरळ करण्यास हें हत्यार उपयोगी पडलें. जपानांत डोंगरउतारावरच्या भातखाचरांचे बांध साफ करण्यास त्याचा फार मोठा प्रसार झाला. जेथें चाक जाऊं शकत नव्हतें, तेथें आतां माणूस स्वतःच यंत्राचें चाक झाला.

यानंतर १९७१ सालीं अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं जॉर्ज बॅलास नांवाच्या गृहस्थास एक युक्ति सुचली. हे गृहस्थ पूर्वीं नृत्यशाळा चालवीत. मोटारी धुण्याच्या यंत्रांतून जात असतां, गरगर फिरणारे मऊ कुंचले गाडीचा रंग न खरवडतां मळ कसा काढतात, तें त्यांनीं पाहिलें. घरच्या झाडांच्या मुळांभोंवतीं वाढलेलें गवत पात्यानें काढतां येत नव्हतें. त्यांनीं पत्र्याच्या एका डब्याला भोंकें पाडलीं, त्यांतून मासे धरण्याच्या गळाची दोरी ओंवली आणि तो डबा फिरत्या यंत्राला जोडला. दोरीनें गवत कापलें जाई. कारखानदारांनीं ही कल्पना प्रथम झिडकारली, तेव्हां बॅलास यांनीं स्वतःच धंदा काढला आणि तो इतका भरभराटला, कीं १९७७ सालीं एका मोठ्या कंपनीनें तो विकत घेतला. आजच्या ब्रशकटरला कोंवळ्या गवतासाठीं नायलॉनची दोरी आणि झुडपांसाठीं पोलादी पातें अशीं दोन्ही जोडतां येतात. प्लिनीच्या दोन विळ्यांचाच हा आधुनिक अवतार होय. आणि कोणतें कोठें वापरावें, हा विवेकही तितकाच जुना व तितकाच आवश्यक आहे.

येथवरचा इतिहास माणसाच्या बुद्धीचा आहे. आतां त्याची दुसरी बाजू पाहूं. ती समजण्यास थोडें गणित पुरे. पात्याचा व्यास २५५ मिलिमीटर, म्हणजे सुमारें १० इंच, आणि फेरे मिनिटाला ८,००० धरले, तर पात्याच्या कडेचा वेग सेकंदास सुमारें १०७ मीटर होतो. म्हणजे ताशीं सुमारें ३८५ किलोमीटर. आगगाडी सोडाच, वादळालाही हा वेग क्वचित साधतो. एखाद्या खड्याला यांतील निम्मा जरी वेग मिळाला, तरी १५ मीटरांचें अंतर तोडण्यास त्याला पाव सेकंदाहून फारसा अधिक वेळ लागत नाहीं. आणि डोळ्यानें पाहून मान वळविण्यास माणसाला जवळजवळ तेवढाच वेळ हवा. सारांश, खडा उडालेला दिसेल, मग चुकवूं, ही आशा व्यर्थ आहे. विळ्याच्या युगांत जी वार्ता मनगटाला पोंचत असे, ती आतां पोंचेपर्यंत सर्व कांहीं होऊन गेलेलें असतें. बळ इंजिनाकडे गेलें आणि जाणीव तेवढी माणसाकडे राहिली. या दोहोंची जी ताटातूट झाली, तींतच सर्व अपघातांचें बीज आहे.

या दृष्टीनें पाहिलें, म्हणजे यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेंतील रूक्ष नियमांना एकदम अर्थ येतो. काम चालू असतां १५ मीटरांच्या आंत दुसरें कोणी असूं नये, हा बहुतेक पुस्तिकांतील नियम घ्या. तो जुन्या पातींच्या अंतराचाच विस्तार आहे. खडा जेथवर माणसास जखमी करूं शकतो, तेथवर पात रुंद करावी लागली, इतकेंच. आपल्याकडे कापलेलें गवत ओढण्यास एखादें पोर मागोमाग चालत असतें. तें याच वर्तुळांत असतें. काम सुरू करण्यापूर्वीं जागा पायांनीं हिंडून पाहावी, दगड, तारा, बाटल्या, दोरखंड उचलून टाकावे, हें मनगटाचें काम डोळ्यांनीं आधींच करून ठेवणें होय. पात्याजवळचें झांकण खडे पायांकडे येऊं देत नाहीं. जाळीचा मुखवटा मोठे तुकडे अडवितो, पण बारीक कण त्याच्या भोंकांतून आंत शिरतात. म्हणून मुखवट्याखालींही चष्मा हवाच. गवत कापतांना डोळ्यांत तुकडा शिरून दृष्टि गमावलेले रोगी मलेशियांतील नेत्रवैद्यांनीं आपल्या लेखांतून वारंवार नोंदविले आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेकांनीं डोळ्यांवर कांहींच लावलेलें नव्हतें. घाम धरतो ही अडचण खरी आहे; तिला उपाय म्हणजे हवा खेळती राहील असा चष्मा घेणें आणि दर थोड्या वेळानें थांबून तो पुसणें. चष्मा काढून ठेवणें हा उपाय नव्हे.

दुसरा धोका उसळीचा. बहुतेक यंत्रांत पातें वरून पाहतां डावीकडून, म्हणजे घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरतें. समोर एक घड्याळाची तबकडी ठेविली आहे असें मानलें, तर बारा आणि तीन यांमधील भागाला जाड खोड किंवा दगड लागतांच पातें अडतें आणि सबंध यंत्र उजवीकडे व मागें जोरानें फेकलें जातें. माणूस पट्ट्यानें यंत्राला जखडलेला असल्यामुळें तोही त्याबरोबर वळतो, आणि फिरतें पातें जवळ उभ्या असलेल्याच्या पायावर जाऊं शकतें. म्हणून पात्याच्या डाव्या बाजूनें, उजवीकडून डावीकडे झोंक देत कापावें. जाड खोडाला हें पातें लावूंच नये, त्याला करवत आहे. पातें लावलेलें यंत्र दोन्ही हातांच्या दांड्याशिवाय व खांद्याच्या पट्ट्याशिवाय चालवूं नये. आणि पट्ट्याची जी कळ एका झटक्यांत सुटते, ती काम सुरू करण्यापूर्वीं एकदां सोडून पाहावी. पायांत रबरी चपला न घालतां मजबूत बूट घालावे. कोंकणांत त्यांचा फुरशापासूनही बचाव होतो. गळ्यांत लोंबता पंचा नसावा. पात्यांत वेल गुंतली, तर प्रथम इंजिन बंद करावें आणि पातें पूर्ण थांबेपर्यंत हात पुढें करूं नये. कारण इंजिनाचा आवाज मंदावला तरी पातें कांहीं क्षण फिरतच असतें. इंधन भरावयाचें तें इंजिन निवल्यावर, आणि भरल्या जागेपासून तीन-चार मीटर दूर गेल्यावरच तें सुरू करावें. तडा गेलेलें पातें सांधून वापरणें म्हणजे तर मृत्यूस आमंत्रण होय.

या शेवटच्या गोष्टीचें प्रमाण इतिहासांतच आहे. कांहीं व्यापाऱ्यांनीं पात्याऐवजीं सांखळीच्या कड्या जोडून केलेलें एक चक्र विकावयास काढलें. दगडांतून तें चांगलें चालतें अशी त्याची ख्याति होती. त्यांतली एक कडी तुटून उडाली आणि माणूस मेला. पुढें १९ जानेवारी २०१२ रोजीं युरोपीय आयोगानें असलीं जोडाजोडीचीं चक्रें बाजारांत आणण्यास सर्व सदस्य राष्ट्रांत बंदी करविणारा निर्णय दिला. आपल्या बाजारांत मात्र अशीं चक्रें अजूनही दिसतात, आणि घेणारा त्यांच्या स्वस्ताईचीच तारीफ करतो.

तिसरा धोका रक्त न काढणारा, म्हणून अधिक फसवा. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत बेडफर्ड येथें चुनखडीच्या दगडाच्या मोठ्या खाणी आहेत. तेथें हवेच्या दाबानें चालणारे हातोडे आले आणि पाथरवटांच्या बोटांना एक विचित्र विकार जडूं लागला. थंडीच्या सकाळीं बोटें पांढरीं फटफटीत पडत आणि त्यांतील संवेदना जाई. १९१८ सालीं डॉ. ॲलिस हॅमिल्टन या विदुषींनीं तेथें जाऊन कामकऱ्यांची तपासणी केली. छिन्नी धरणारा डावा हात अधिक बाधित होतो, हें त्यांच्या लक्षांत आलें. आणि हा दोष यंत्राच्या कंपनाचा आहे, असें त्यांनीं दाखवून दिलें. तत्पूर्वीं १९११ सालीं इटलींत लोरिगा या वैद्यानें हाच विकार नोंदविला होता. तरीही जपानांत सांखळी-करवती जंगलांत शिरल्या तेव्हां हा धडा पुन्हा मुळापासून गिरवावा लागला. १९६५ च्या सुमारास तेथील लांकूडतोड्यांची पांढरीं पडलेलीं बोटें साऱ्या देशाच्या चर्चेचा विषय झालीं, आणि पुढें यंत्र दिवसांतून किती तास हातीं धरावें यावर मर्यादा आल्या. २००० सालीं तर जपानच्या श्रममंत्रालयानें ब्रशकटर चालविणाऱ्यांना सहा तासांचें शिक्षण देण्याचें धोरण जाहीर केलें. त्यांत पांच तास समजावून सांगण्याचे आणि एक तास प्रत्यक्ष हातीं यंत्र देण्याचा. युरोपांत २००२ च्या निर्देशानें हाताला पोंचणाऱ्या कंपनाचें कमाल मान ठरविलें. अर्ध्या तासानें यंत्र खालीं ठेवून हात मोकळे करणें, कानांत बोळे वा वर कर्णरक्षक घालणें, सैल झालेला स्क्रू आवळणें आणि बोथट पातें बदलणें, हे नियम या दुखण्यांतून निघाले आहेत. अलीकडे विजेच्या बॅटरीवर चालणारे ब्रशकटर मिळतात. त्यांत धूर नाहीं, आवाज कमी. परंतु पात्याचा वेग तसाच असतो. आवाज कमी झाल्यानें धोका कमी झाला, असें समजणें ही नवी भूल होईल.

हिंदुस्थानांत यंत्रापासून कामकऱ्याचें रक्षण करण्याचा विचार नवा नाहीं. इंग्लंडांत १८४४ च्या कायद्यानें गिरण्यांतील यंत्रांना कुंपण घालण्याची सक्ति केली. तिचा अंश १८८१ च्या हिंदी कारखान्यांच्या कायद्यांत आला. पण हे कायदे कारखान्याच्या भिंतीपाशीं थांबत. शेत उघडें राहिलें. हरित क्रांतीनंतर उत्तरेकडे मळणीयंत्रांचा सुळसुळाट झाला आणि पेंढ्या आंत सारतां सारतां माणसांचे हात तुटूं लागले. तेव्हां १९८३ सालीं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. त्यांत अशीं यंत्रें बनविणाऱ्यावर व वापरणाऱ्यावर बंधनें घातलीं आणि इजा झालेल्या मजुरास भरपाईची तरतूद केली. हात तुटल्यावर कायदा, हा क्रम दुःखद खरा. तरी त्यांतून एक तत्त्व प्रस्थापित झालें. यंत्र चालविणाऱ्याच्या सावधगिरीवर सर्व भार टाकून यंत्र देणाऱ्यानें मोकळें व्हावें, हें न्यायाचें नव्हे.

आणि येथेंच आपणां शिकल्यासवरल्या कुटुंबांचा संबंध येतो. गांवची बाग, शहरांतील गृहसंस्थेचें आवार, शाळेचें मैदान, येथें यंत्र चालवितो तो दुसराच कोणी. त्याच्या अंगावरचा पट्टा ढिला आहे, त्यानें पुस्तिका वाचलेली नाहीं, कारण ती त्याच्या भाषेंत नाहीं; आणि झांकण काढून टाकलें आहे, कारण काम लौकर उरकलें तर आपण चार पैसे अधिक देतों. झांकणांत गवत अडकतें, या एका वाक्यांत यंत्रयुगाचा सबंध इतिहास सांठविलेला आहे. थांबून, यंत्र बंद करून, गवत काढून पुन्हा सुरू करण्यास जो वेळ लागतो, त्याची मजुरी कोणीं द्यावयाची, हा खरा प्रश्न आहे. ती मालकानें दिली नाहीं, तर गडी ती आपल्या डोळ्यानें देतो.

त्या दिवसानंतर आमच्या घरीं एक लहानसा बदल झाला. दोन चष्मे, एक मुखवटा, कानांवरची जोडी आणि बुटांचा एक जोड ओसरीच्या खुंटीला असतो. यंत्र भाड्यानें आणलें, तरी झांकणाखेरीज तें बागेंत जात नाहीं. आणि मजुरी दिवसावर ठरते, कापलेल्या क्षेत्रावर ठरत नाहीं. पहिल्या वर्षीं गडी हंसला. दुसऱ्या वर्षीं गडग्याकडे जाण्याआधीं तो आपण होऊन खडे वेंचूं लागला. त्याच्या गालावरचा व्रण अजून आहे. तो पाहिला, म्हणजे अर्ध्या बोटाच्या अंतराचें मोल मला पुन्हा कळतें.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयते, विळे, कुदळी धुवून पुसून अंगणांत मांडतात. त्यांना हळदकुंकू वाहतात, झेंडूचीं फुलें ठेवतात. हल्लीं त्या रांगेंत हें यंत्रही उभें असतें. पूजा म्हणजे केवळ फूल वाहणें नव्हे. ज्याच्या हातीं आपलें अन्न आहे आणि ज्याच्या एका घावांत आपलें अंगही आहे, त्या वस्तूचें सामर्थ्य ओळखून तिच्याशीं मर्यादेनें वागण्याची ती प्रतिज्ञा आहे. आमच्या आजोबांच्या कोयत्यापुढें ती प्रतिज्ञा मुकाट्यानें पाळली जाई, कारण हातच ती शिकवीत असे. या नव्या देवतेची मर्यादा हात शिकवूं शकत नाहीं. ती आपणच शिकून दुसऱ्यास शिकविली पाहिजे. म्हणून गेल्या वर्षीं त्या रांगेंत यंत्राशेजारीं मीं एक चष्माही ठेविला, आणि त्यालाही हळदकुंकू वाहिलें.